गणपतीला गावी जाताना बॅगेत टेप टाका: घरच्या मोठ्या माणसांची कंबर, वजन, उंची कशी मोजायची आणि त्या आकड्याचं पुढे काय करायचं

हे लिहितोय ते मुंबईत राहणाऱ्या पण आईवडील, काकाकाकी, भाऊवहिनी गावी असणाऱ्यांसाठी, म्हणजे लालबाग-परळपासून भांडुप, डोंबिवली, विरारपर्यंत पसरलेले आपण सगळे. आपल्या डोक्यात अजून हेच बसलंय की पोट सुटतं ते शहरात, ऑफिसात बसून आणि बाहेरचं खाऊन, गावची माणसं काय शेतात राबतात, त्यांना काय होतंय. पण तसं राहिलेलं नाही आता. २०१९ मध्ये नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, १९८५ ते २०१७ या काळातल्या जगभरच्या ११ कोटींहून जास्त मोठ्या माणसांच्या उंची-वजनाचा, त्यात दिसलं की जगाचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, हिशोब पुढे दिलाय) जो वाढला त्यातला निम्म्याहून जास्त वाटा खेड्यांचा आहे. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं, सांगतं की ग्रामीण भारतात साधारण दर पाच बायकांत एक आणि दर पाच पुरुषांत एक जण २५ च्या वरच्या बीएमआयचा, म्हणजे जास्त वजनाचा आहे, आणि त्याच ग्रामीण भागात साधारण २१ टक्के बायका गरजेपेक्षा बारीक आहेत. म्हणजे एकाच गावात, कधीकधी एकाच वाडीत, दोन्ही टोकं एकत्र.

म्हणून माझं सांगणं एवढंच की मापं घ्या, पण प्रत्येक मापाच्या शेजारी त्या माणसाचा दिवस कसा जातो तेही लिहा. नुसता आकडा घेतला की आपण "जरा कमी खा, चालत जा" एवढं सांगून मुंबईची गाडी पकडतो, आणि काहीही बदलत नाही.

सामान काय लागतं

शिंप्याची दीडशे सेंटीमीटरवाली टेप, नवी घ्या, कुठल्याही बटण-लेसच्या दुकानात मिळते. घरातली जुनी कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते आणि मग ८८ ची कंबर ८६ दिसते, म्हणून आधी शाळेच्या स्टीलच्या पट्टीवर लावून बघा जुळतेय का. एक डिजिटल वजनकाटा, तो नसेल तर उपकेंद्रात असतोच. उंचीसाठी गवंड्याची लोखंडी मेजरिंग टेप आणि एक जाड पुठ्ठ्याचा खोका. आणि वही, मोबाईल नको, का ते पुढे सांगतो.

वेळ सकाळची, संडासला जाऊन आल्यावर आणि न्याहारीच्या आधी. गणपतीत दुपारचं जेवण म्हणजे मोदक, वरण, वालाची उसळ सगळं पोटात गेलेलं असतं, त्यानंतर मोजलेल्या कंबरेवर विश्वास ठेवू नका.

गरोदर बाईचं आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या बाईचं माप यात धरायचं नाही, सरकारी सर्वेक्षणातही त्यांचा बीएमआय धरत नाहीत. कुणाच्या पायाला सूज असेल किंवा पोटात पाणी झालेलं असेल तर तिथे टेप सोडा आणि सरळ डॉक्टरकडे न्या.

कंबर

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश वाचा. आपण ज्याला कंबर म्हणतो ती पँटची किंवा परकराची जागा, आणि मोजायची कंबर ती नाही. पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात त्यामुळे पोट ४० इंच असलं तरी "माझी ३४ ची पँट येते" असं सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात, फक्त ती जागा वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी: काखेखालून सरळ खाली बोटं सरकवत या, शेवटची बरगडी हाताला लागेल, तिथे पेनाने बारीक खूण करा. मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपा, जिथे आपण हात ठेवून उभे राहतो ते, तिथे दुसरी खूण. दोन्हीच्या बरोबर मधोमध टेप लावायची. बेंबी कुठे आहे ते बघू नका, पोट ओघळलेलं असेल तर बेंबी पण खाली गेलेली असते.

टेप चारी बाजूंनी जमिनीला समांतर, मागे पाठीवर खाली घसरलेली नको, म्हणून एकाने पुढून धरायची आणि दुसऱ्याने मागून बघायचं. माणूस सरळ उभा, पाय थोडे जवळ, हात बाजूला सैल. मग त्याला श्वास घ्यायला सांगा, सोडायला सांगा, आणि साधा श्वास सुटल्यावर आकडा वाचा. टेप लावली की प्रत्येकजण पोट आत घेतो, हे हमखास, तर त्याला बोलतं करा, "काका, यंदा भात कसाय?" असं विचारा, बोलताना पोट आपोआप सुटतं. टेप अंगाला लागलेली हवी पण मांसात रुतलेली नको. दोनदा मोजा, दोन्हीत एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जे दोन जवळचे आहेत त्यांची सरासरी लिहा.

आता साडी. नाडीची गाठ, निऱ्या, वर पदर खोचलेला, यावरून टेप फिरवली तर पाच-सहा सेंटीमीटर सहज वाढतात. बायकांचं माप बाईनेच घ्यायचं, खोलीत, दार लावून, पदर आणि निऱ्या मोकळ्या करून नाडी सैल करून. वर्षानुवर्षं घट्ट नाडी बांधून कंबरेवर जो वळ पडलेला असतो त्यावर टेप ठेवू नका, तिथे माप कमी येतं. घरात बहीण, बायको, वहिनी कुणी असेल तर तिला आधी शिकवा आणि पुढचं तिच्यावर सोपवा, आपण पुरुषांनी फक्त वहीत लिहायला बसायचं, तेही तिने बाहेर येऊन सांगितलं तर. सासूबाई सुनेसमोर नाडी सोडणार नाहीत असंही होतं, मग लेक आली की घ्या, घाई कशाला.

नितंबाचं मापही घेऊन ठेवा, मागच्या बाजूला जिथे सगळ्यात जास्त घेर आहे तिथे. कंबर भागिले नितंब, हे गुणोत्तर पुरुषांत ०.९० आणि बायकांत ०.८५ च्या आत असावं असं धरतात.

उंची आणि वजन

उंचीला सरळ, स्कर्टिंग नसलेली भिंत बघा. चपला काढा, टोपी काढा, अंबाडा सोडायला सांगा कारण अंबाड्यावर खोका टेकवला तर दोन सेंटीमीटर फुकटची. टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे भिंतीला, नजर समोर, मान वर नाही खाली नाही. खोक्याची एक बाजू भिंतीला चिकटवून खाली आणा, खूण करा, माणूस बाजूला झाला की खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. म्हाताऱ्या माणसांची पाठ वाकलेली असेल तर उंची कमी येते आणि बीएमआय उगाच जास्त दिसतो, अशा वेळी दोन्ही हात बाजूला पूर्ण पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, ते तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असतं. तसंच लिहा वहीत, "हात पसरून" म्हणून.

काटा सपाट लादीवर ठेवायचा, सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर तो चुकीचं दाखवतो. खात्री करायची तर पाण्याचा हिशोब सोपा आहे, १ लिटर म्हणजे १ किलो, रिकामी बादली आधी वजन करा, मग १० लिटर पाणी मोजून ओता आणि बघा बरोबर १० किलो वाढतायत का. खिशातली चावी, मोबाईल, बायकांच्या अंगावरचं जाड काही असेल ते बाजूला. बस.

हिशोब

बीएमआय म्हणजे वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये दोनदा. उदाहरण घेऊ, ५८ किलोची, १५२ सेंटीमीटर उंचीची वहिनी. १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१, ५८ ला त्याने भागलं की २५.१. जागतिक मापाप्रमाणे २५ ला वजन जास्त आणि ३० ला लठ्ठपणा, पण आपल्या लोकांना त्याच्या आधीच डायबिटीस आणि बीपी गाठतात म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये सहमतीने आकडे खाली आणले, २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. तर वहिनी आपल्या मापाने लठ्ठपणात आल्या, जरी बघून कुणी म्हणणार नाही.

आता दुसरं उदाहरण, मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. भाऊ, १६८ सेंटीमीटर, ६२ किलो. बीएमआय २२. एकदम झकास, कागदावर. कंबर मोजली तर ९२. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही आपली हद्द आहे, इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असे भाऊ आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत आणि वजनकाटा त्यांना पास करतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हीच गोष्ट आयुष्यभर अभ्यासली. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर सहकाऱ्याने स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय सारखा, २२.३, पण त्या इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला त्यातही दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे ज्या भावाचं पोट आज दिसतंय त्याची सुरुवात तो पोटात असताना त्याच्या आईला काय खायला मिळालं तिथपर्यंत मागे जाते. त्याला आळशी म्हणण्याआधी हे आठवा.

आणि ज्यांना आकडेमोड नको त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. टेपशिवाय पण जमतं, उंचीएवढी सुतळी कापा, दुमडून अर्धी करा, कमरेभोवती फिरवा, टोकं जुळली नाहीत तर कंबर जास्त आहे. म्हातारीलाही पटतं हे.

आता वहीतला दुसरा रकाना

इथे तुम्ही वेळ द्या, मापं पाच मिनिटांत होतात. पण प्रश्नावली घेऊन बसू नका, ओटीवर गप्पा मारताना कळतं ते नंतर लिहा.

आधी काम. आज काय काम करता आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी काय करायचात. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, दारात नळ आला, गॅस आला, वाडीतून बाजारात जायला मुलाची बाईक आली. हे सगळं चांगलंच झालं, बायकांच्या डोक्यावरचा हंडा आणि लाकडाची मोळी उतरली ती परत चढवा असं कुणी म्हणू नये. पण काम अर्धं झालं आणि भाताचं ताट तेवढंच राहिलं, हे त्यांनाच बोलता बोलता लक्षात येऊ दे. भातलावणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर उरलेलं वर्ष कसं जातं ते विचारा, आपण गणपतीत आणि मे महिन्यात जाऊन जे बघतो ते पूर्ण वर्ष नाही.

मग ताट. रेशनवर काय येतं बघा. अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट, तांदूळ आणि गहू. त्याने उपाशी कुणी झोपत नाही ही फार मोठी गोष्ट आहे, कृपा करून त्याची टिंगल नको. पण डाळ, कडधान्य, अंडी, मासे हे विकत घ्यावं लागतं, आणि विकत काय घेतलं जातं ते हातात पैसा किती आणि कुणाच्या हातात यावर. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि १ लिटर पामतेल होतं, सणाला ठीकच आहे, पण साखर-तेल स्वस्त आणि डाळ-भाजी महाग हे वर्षभर चालू असतं. तेलाचा हिशोब डब्यावरून काढा, पाच माणसांच्या घरात ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला ३० मिलीहून जास्त तेल जातंय.

बाई कधी जेवते ते विचारा. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेला भात आणि तळाचं कालवण, माशाची तुकडी पुरुषांना आणि पोरांना गेलेली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तेव्हा ८६ कंबरेच्या वहिनीला रक्त भरपूर असेल असं समजू नका, पोट सुटलेलं आणि अंगात लोह नाही हे एकाच बाईत असतं. तिला "कमी खा" सांगणं म्हणजे तिच्या ताटातलं उरलंसुरलं पण काढणं. तिला भात थोडा कमी आणि त्या जागी डाळ, अंडं, पालेभाजी जास्त मिळायला हवी आणि ते एकट्या तिच्या मनावर नाही, घरातल्या पुरुषाने आधी तिचं ताट वाढलं पाहिजे.

चालायला जा हा सल्लाही असाच. चाळीशीची सून संध्याकाळी नुसती चालायला निघाली तर चार घरांतून विचारणार "खंय चाललंस गो?", अंधार पडला की रस्त्याला दिवा नाही, बिबट्याची भीती खरी आहे. पुरुष नाक्यावर जाऊन येतो, तिला कारण लागतं. बचत गटाच्या बायका मिळून निघाल्या तर कुणी काही बोलत नाही, हे बऱ्याच ठिकाणी जमतंय.

वाडी कुठली, जमीन आहे का, मुंबईचा पैसा येतो का, तेही लिहा. आपल्या देशात अजून तरी घरात पैसा वाढला की वजन वाढतं असंच सर्वेक्षणात दिसतं. रस्त्यालगतच्या, मुंबईतून पैसे येणाऱ्या घरांत कंबर वाढलेली आणि वर धनगरवाड्यात किंवा दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्यांच्या घरात माणसं वाळलेली, असं असेल तर मंडळाच्या स्टेजवरून सगळ्या गावाला "वजन कमी करा" म्हणून भाषण देणं हे अर्ध्या गावाच्या दुखण्यावर मीठ आहे.

तंबाखू, मिश्री, दारू हे पण लिहा. बायकांना मिश्री थेट विचारली तर नाही म्हणतात, सोबतच्या बाईने सहज विचारावं.

बोलायचं कसं

गावात पोट म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण, आणि बारीक माणसाला "वाळलास रे, मुंबईत जेवायला मिळत नाय काय" असंच म्हणतात. त्यात आपण जाऊन "काकी तुमचं वजन वाढलंय" म्हणालो की एकतर त्या दुखावतात नाहीतर हसण्यावारी नेतात. मी असं सांगतो की "काकी, कंबर वाढली की पुढे साखर आणि बीपी यायची भीती असते, आताच कळलं तर गोळ्या लांब राहतील." दिसण्याबद्दल एक अक्षर नाही. आणि मोजण्याआधी विचारायचं, नाही म्हणाले तर विषय बंद. आकडे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, लग्नाच्या मुलीचा आकडा फुटला तर तिच्या स्थळापर्यंत जातो, म्हणून वही, आणि वही घरातच. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गावभर मापं घ्यायची असतील तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या, घरच्या घरी मोजणं वेगळं आणि संशोधन वेगळं.

पुढे कुठे न्यायचं

आशाताईंना भेटा. ३० च्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म त्या भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला बीपी-डायबिटीस आणि कंबर यांना गुण असतात. कंबरेचे गुण असे, बायकांना ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० एक, ९० च्या वर दोन, पुरुषांना ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० एक, त्यावर दोन. एकूण चारच्या वर गेले तर त्या माणसाला तपासणीला आधी पाठवतात, तपासणी मात्र तिशीवरच्या सगळ्यांचीच करायची असते. तुम्ही नीट घेतलेली मापं त्यांना दिलीत तर त्यांचंही काम हलकं होतं, एका आशाताईंकडे अख्खं गाव असतं. उपकेंद्रात, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, तिथे बीपी आणि साखर फुकट बघतात. बीपी १४०/९० किंवा वर, उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवायचंच, दुसऱ्यांदा तपासून ते ठरवतील. वजन जास्त असलेल्याने आहे त्यातलं ५ ते १० टक्के जरी उतरवलं तरी साखर आणि बीपीवर फरक दिसतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साडेतीन ते सात किलो, एवढंच सांगा, वीस किलोचं ध्येय देऊ नका.

आणि आपल्या बाजूने दोन गोष्टी. मुंबईहून जाताना फरसाण, बिस्किटांचे पुडे, केक असं जे पोतंभर नेतो त्यातलं निम्मं कमी करून मसूर, मूग, चणे, शेंगदाणे न्या, आणि महिन्याला पैसे पाठवताना वहिनीच्या खात्यावर वेगळे थोडे टाका, अंडी-डाळीसाठी म्हणून सांगून. मंडळाच्या वर्गणीतून वाडीच्या रस्त्याला दोन सोलर दिवे लागले तर बायका संध्याकाळी चालू शकतील, पुढच्या मीटिंगला हा विषय ठेवा.

दुसरं माप शिमग्याला घ्या, त्याच टेपने, त्याच भिंतीला, शक्यतो त्याच बाईच्या हाताने. मधल्या महिन्यांत फोनवर वजन विचारू नका, जेवायला सगळे एकत्र बसता का एवढंच विचारा.